आर्यमदिरामंडळाचा पत्ता

‘एकच प्याला’ वर्गात शिकवताना चर्चा बहुधा सिंधूपाशी येऊन थांबते. तिचे पातिव्रत्य, गडकऱ्यांची अलंकारिक भाषा, शोकांतिकेचा नायक म्हणून सुधाकराचा अहंकार, एवढे झाले की प्रश्नपत्रिकेची सोय होते. आर्यमदिरामंडळ मात्र विनोदी प्रवेश म्हणून हसण्यावारी जाते. आमच्या मते नाटकाची खरी मेख तिथे आहे. सनद गेल्याने दुखावलेल्या सुधाकराच्या हाती तळीराम पहिला प्याला देतो. पण प्याल्यामागोमाग त्याला मंडळही मिळते. तिथे सभासद आहेत, भाषणे आहेत, थट्टा आहे, आणि आलेल्याला ‘तू का आलास’ असे विचारणारे कुणी नाही. याउलट दारू सोडायच्या वेळी सुधाकराजवळ काय असते? एक निश्चय. रामलालसारखा मित्र आणि सिंधूसारखी पत्नी असूनही त्या निश्चयात तो एकटाच आहे. मध्यंतरी तो दारू सोडतोही. नोकरीसाठी दारोदार फिरताना अवहेलना पदरी येते आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. पिण्याला मंडळ आणि सोडण्याला केवळ शपथ, असा हा विषम सामना आहे.

याचा दोष गडकऱ्यांना देता येणार नाही. नाटक रंगभूमीवर आले १९१९ साली. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा आरंभ झाला १९३५च्या जूनमध्ये, अमेरिकेतील ॲक्रन या गावी. बिल विल्सन हा शेअरबाजारातला माणूस आणि डॉ. बॉब स्मिथ हा शल्यचिकित्सक, दोघेही पिणारे. वैद्य, पत्नी, धर्मोपदेशक यांच्याकडून जे ऐकून घेतले जात नाही ते दुसऱ्या पिणाऱ्याच्या तोंडून ऐकले जाते, एवढ्या साध्या अनुभवावर त्यांनी सारे उभारले. सभासदत्वाची अट एकच: दारू सोडण्याची इच्छा. वर्गणी नाही, खर्च सभासदांच्या ऐच्छिक देणगीतून भागतो आणि बाहेरचा पैसा घेतला जात नाही. पुढे १९५१मध्ये कुटुंबीयांसाठी अल्-अनॉन सुरू झाले. सिंधूला जाता आले असते अशी जागा!

आज महाराष्ट्रात अशा सभा मराठीतून भरतात. शाळेची रिकामी खोली, चर्चचे सभागृह, संध्याकाळचा तासदीड तास. माणूस उभा राहतो, नुसते नाव सांगतो, आपण मद्यपी असल्याचे सांगतो आणि स्वतःविषयी बोलतो. कुणी मध्येच बोलत नाही, उपदेश करत नाही. (प्राध्यापकांना जमण्यासारखा हा प्रकार नव्हे, हेही मान्य करायला हवे.) तरीही ज्याला हवी त्याला ती सभा सापडत नाही. चौकशी केली की पुढे येतात ती व्यसनमुक्ती केंद्रे: खाटा, महिन्याचे शुल्क, दाखल करून घेण्याची मुदत. केंद्र आणि सभा यांतला फरक सुशिक्षितांनाही सांगावा लागतो. केंद्रांची गरज नाही असे मुळीच नाही. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू थांबवली तर झटके येऊ शकतात, भ्रम होतो, जिवावरही बेतू शकते. तिथे आधी डॉक्टरच हवा. पुण्याचे मुक्तांगण १९८६मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केले, पु. ल. देशपांड्यांचे साहाय्य त्यामागे होते, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. पण उपचार संपवून घरी परतलेल्या माणसाला पुढच्या मंगळवारी संध्याकाळी सात वाजता कुठे जायचे, हा प्रश्न उरतोच.

सभा न सापडण्याचे एक कारण आम्हाला भाषेत दिसते. ‘अनामिक’ या शब्दाचा आपण ‘लपलेला’ असा अर्थ लावला. गुप्त राहायचे ते सभासदाचे नाव. सभेची जागा आणि वेळ सांगण्यावर कोणतेही बंधन नाही. ज्याला ती हवी तो मात्र कुणाला विचारायला धजत नाही, कारण विचारणे हीच कबुली ठरते. तिथे ओळखीचे कुणी भेटले तर, ही धास्ती तर प्रत्येकालाच. भेटलाच तर तोही त्याच कारणासाठी आलेला असतो, हे दारात उभे असताना सुचत नाही. बायकांचे तर विचारूच नये. पिणाऱ्या स्त्रीसाठी मराठीत शिवीखेरीज शब्द नाही.

दुसरी अडचण श्रद्धेची. एएच्या बारा पायऱ्यांत परमेश्वराचा उल्लेख आहे, त्यामुळे आमच्यासारखे विवेकवादी बिचकतात. ज्याला जसा समजेल तसा, अशी मुभा तिथे आहे; तरी ती सर्वांना पुरेल असे नाही, आणि ज्याला ती पुरत नाही त्याने इतर मार्ग शोधावेत. पण माळ घालून दारू सोडणारी माणसे आपल्या खेड्यांत आजही आहेत. ती टिकतात त्यात विठ्ठलाचा वाटा किती आणि शेजारी चालणाऱ्या दिंडीचा किती, हे वेगळे काढून दाखवणे कठीण आहे.

म्हणून एक साधी सूचना. ‘एकच प्याला’ अभ्यासक्रमात असो वा नसो, प्रत्येक महाविद्यालयाच्या फलकावर गावातल्या सभेचा वार, वेळ आणि जागा लिहिलेली असावी. ती न मिळाल्यास शासनाचा १४४४६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक तरी असावा. तोही ग्रंथालयाच्या दाराशी नको, तिथे थांबून वाचणारा सर्वांना दिसतो. जिन्याच्या वळणावर असावा. आणि अध्यापक-कक्षातही एक लावावा.