गुण कमी, म्हणून शुल्क जास्त?

बेंगळुरूत मे महिन्यात चौकाचौकांत महाविद्यालयांचे फलक झळकू लागतात. त्यांवर राज्यात वरचे क्रमांक पटकावलेल्या विद्यार्थ्यांची हसरी छायाचित्रे असतात. एकसष्ट टक्के मिळवणाऱ्या मुलाचे छायाचित्र मात्र मी आजवर एकाही फलकावर पाहिलेले नाही.

असा एक मुलगा माझ्या परिचयाचा आहे. त्याचे वडील आमच्या भागात रिक्षा चालवतात. मुलाला ‘पीयूसी’च्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे महाराष्ट्रातल्या बारावीला, 61 टक्के मिळाले. अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी कर्नाटकात या परीक्षेचे आणि राज्याच्या सीईटीचे गुण निम्मे-निम्मे धरले जातात. त्यामुळे त्याचा क्रमांक लाखाच्या पुढे गेला. तेवढ्यात एक दलाल भेटला. खासगी महाविद्यालयात व्यवस्थापन कोट्यातून संगणकशास्त्राची जागा मिळवून देतो, म्हणाला. वडील मला विचारायला आले ते तुमकूरुजवळचा जमिनीचा वडिलोपार्जित तुकडा विकावा का, हे. ‘सर, एकदाच होणारा खर्च आहे,’ असे ते म्हणाले. चारही वर्षांची एकूण रक्कम कोणी कागदावर लिहून दिली आहे का, असे मी विचारले. दिलेली नव्हती.

या शहरात महाविद्यालयांची वाण नाही. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या 2021-22 च्या अहवालानुसार देशात सर्वाधिक महाविद्यालये बेंगळुरू शहर जिल्ह्यात आहेत: 1106. विद्येचे माहेरघर म्हणवणाऱ्या पुणे जिल्ह्यात ती 475 आहेत. तरीही सामान्य गुणांच्या मुलासाठी या गर्दीत जागा शोधणे अवघड जाते, कारण येथील शुल्काचे गणितच उलटे आहे. म्हैसूरचे दिवाण असताना सर विश्वेश्वरय्या यांनी 1917 मध्ये सुरू केलेले सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय शहराच्या मध्यभागी आजही उभे आहे. तेथील शुल्क खासगी महाविद्यालयांच्या मानाने कमी आहे आणि म्हणूनच तेथे वरच्या क्रमांकांची चुरस असते. त्याखालच्या मुलांपुढे दोनच वाटा उरतात: महाग किंवा दुबळी. गुण जितके कमी, तितका खिशाला भार अधिक.

हा अन्याय न्यायालयाच्या नजरेतूनही सुटलेला नाही. 1993 च्या उन्नीकृष्णन निकालाने खासगी व्यावसायिक महाविद्यालयांतील निम्म्या जागा गुणवत्तेवर ‘मोफत’ ठरवल्या आणि त्यांचा भार उरलेल्या जागांवरील विद्यार्थ्यांवर टाकला. हेतू उदात्त होता. पण 2002 मध्ये टी. एम. ए. पै प्रतिष्ठानच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठाने ती योजना रद्द केली. मोफत जागा बहुतांशी सधन घरांतील मुलांना मिळाल्या आणि कमी ऐपतीच्या मुलांना मात्र कितीतरी अधिक पैसे मोजावे लागले, हे तेव्हा न्यायालयाने नोंदवले. सधन घरांतील मुलांच्या शाळा चांगल्या, शिकवण्या चांगल्या, म्हणून गुणही चांगले. योजना गेली; तिच्यामागचा तर्क मात्र आपल्या मनातून गेलेला नाही.

नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने मंजूर केलेली ‘पीएम-विद्यालक्ष्मी’ योजना पाहा. तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांना व्याजात तीन टक्के सवलत; सारेच स्वागतार्ह. परंतु ही योजना मानांकनात वर असलेल्या संस्थांपुरतीच आहे; मंजुरीच्या वेळी त्या 860 होत्या. ज्याला तेथे प्रवेश मिळाला, तो आधीच अर्धी लढाई जिंकलेला असतो. 2021-22 मध्ये देशात उच्च शिक्षण घेणारे विद्यार्थी 4 कोटी 33 लाख होते. अशा विद्यार्थ्यांतील बहुसंख्य या निवडक संस्थांच्या बाहेरच शिकतात. धोरणे अव्वलांसाठी आखायची आणि सामान्यांना दलालाच्या हवाली करायचे, असा हा रिवाज आहे.

मी त्या वडिलांना जमीन विकू नका असे सांगितले. घराजवळच्या सरकारी पदवी महाविद्यालयात मुलाला बीसीए करू द्या. पुढे इच्छा आणि तयारी असेल तर राज्याची प्रवेश परीक्षा देऊन एमसीए करता येईल. हे सांगताना मन खात होते. सुस्थितीतल्या माणसाने गरिबाच्या मुलाला ‘स्वप्न आवर’ असे सांगणे मला शोभते का? माझ्या घरात हाच प्रसंग आला असता, तर मी पैसे भरून मोकळा झालो असतो, हे मी नाकारणार नाही. पण माझा निर्णय चुकला असता तरी माझे घर तगले असते. ज्याच्याकडे चूक सोसण्याची ऐपत नाही, त्याने पुढचा दरवाजा उघडा ठेवणारी स्वस्त वाट निवडावी. यात कमीपणा नाही.

मात्र असा सल्ला देणाऱ्या समाजावर एक जबाबदारीही येते: ती स्वस्त वाट चालण्याजोगी असली पाहिजे. कर्नाटकातील सरकारी पदवी महाविद्यालये हजारो अतिथी व्याख्यात्यांच्या खांद्यांवर उभी आहेत. 2023 च्या अखेरीस सेवेत कायम करण्याच्या मागणीसाठी त्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला, तेव्हा अनेक ठिकाणी शिकवणे ठप्प झाले. कमी शुल्काच्या महाविद्यालयात कायमस्वरूपी शिक्षक, चालू स्थितीतील संगणक आणि वेळेवर लागणारे निकाल असतील, तर कोणत्याही पालकाला दलालाची पायरी चढावी लागणार नाही. मानांकनाच्या शिखरावर आणखी एक संस्था पोहोचवण्यापेक्षा ही मधली फळी सावरणे राष्ट्राच्या अधिक हिताचे आहे.

तो मुलगा आता बीसीएच्या पहिल्या वर्षाला आहे आणि जमीन शाबूत आहे. परवा रिक्षात बसल्यावर मी त्याची चौकशी केली. एका विषयाचे शिक्षक सत्र सुरू होऊन दीड महिना झाला तरी नेमलेले नाहीत, असे वडील म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. जणू हे असेच असते. मला मात्र उरलेल्या वाटेत काही बोलवेना. जमीन राखण्याचा सल्ला मी दिला होता. आपला शब्द पाळण्याची पाळी आता सरकारची आहे.