‘डॅक’चें स्तोम

अंकरूप ध्वनीची पुन्हां विद्युल्लहर करणाऱ्या ‘डॅक’ नामक पेटीवर लाखों रुपये वेंचल्यावांचून गाणें खरें ऐकूंच येत नाहीं, असें मत सांप्रत पुण्यांतील कांहीं रसिक हिरिरीनें मांडतात. आम्हांस तें सर्वथा अमान्य आहे. १९८२ सालीं बाजारांत आलेल्या सीडीवर सेकंदास ४४,१०० नमुने असतात. मानवी कानाची सेकंदास सुमारें २०,००० कंपनांची मर्यादा त्यांत सहज सामावते. इतकें काम आज माफक किंमतीची पेटीही चोख बजावते. पुण्यांत आर्य संगीत विद्यालय चालविणारे अब्दुल करीमखां १९३७ सालीं निवर्तले; त्यांच्या तीन-तीन मिनिटांच्या तबकड्यांत जें मुळीं उमटलेंच नाहीं, तें कोणती पेटी निर्माण करणार? फरक जाणवतो म्हणणारांनीं दोन्ही पेट्यांचा आवाज मोजून सारखा करावा, कारण किंचित् मोठा आवाज कानास सरस भासतो; मग आड पडदा धरून पेटी ओळखून दाखवावी. खरा दोष बहुधा कर्ण्यांत आणि उघड्या फरशीच्या, घुमणाऱ्या दिवाणखान्यांत असतो. तेथें आधीं जाड सतरंजी अंथरावी. किंमतीच्या चिठ्ठीपाशीं कान गहाण टाकणें, ही रसिकता नव्हे!