वाल, दाल आणि सरकवलेला बांध

हॉलंड म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? ट्युलिप, पवनचक्की, सायकल, आणि 'सिलसिला'तली अमिताभ-रेखाच्या मागची ती रंगीत शेतं. बाकी सगळा देश कसा इस्त्री फिरवल्यासारखा सपाट! ऑन-साइटला गेलेली आपली मित्रमंडळीही हाच कोटा पूर्ण करतात. पहिल्या वीकएण्डला अ‍ॅमस्टरडॅमचे कालवे, दुसऱ्याला पवनचक्क्या, सीझन असेल तर ट्युलिप. फोटो अपलोड, घरच्यांना चीज, खलास. मग तिसऱ्या महिन्यात मेल येतो, ''इथलं सगळं बघून झालं यार, आता काय?''

आता पूर्वेकडची ट्रेन पकडायची. उत्रेख्तपासून तासाभरात नायमेखन येतं. जर्मनीची हद्द इथून इतकी जवळ, की सायकल मारत मारत चुकून दुसऱ्या देशात जाता येतं. गाव रोमनांच्या काळापासूनचं, हल्ली युनिव्हर्सिटीमुळे तरुण. 2018 साली युरोपची 'ग्रीन कॅपिटल' म्हणून याच शहराची निवड झाली होती. पण टूरिस्ट ब्रोशरमध्ये ते सहसा शेवटच्या पानावर असतं. बरंच आहे म्हणा, गर्दी कमी!

आधी नावांची गंमत. शहराला लागून वाहणाऱ्या नदीचं नाव वाल. हो, बिरड्याचा असतो तोच उच्चार. आणि शहराच्या अंगाला जी टेकड्यांची रांग आहे, तिथल्या गावाचं नाव 'बेर्ख एन दाल', म्हणजे डोंगर आणि दरी. वाल आणि दाल एकाच दिवसात उरकता येतात, पण माझं ऐकाल तर दोन दिवस काढा.

दालपासून सुरुवात करू. हॉलंडमध्ये डोंगर आले कुठून? साधारण दीड लाख वर्षांपूर्वीच्या हिमयुगात उत्तरेकडून बर्फाची प्रचंड जाड चादर सरकत इथपर्यंत आली. तिने बुलडोझरसारखी समोरची वाळू आणि गोटे ढकलत नेले आणि बर्फ वितळल्यावर तो ढीग तसाच राहिला. तोच हा डोंगर! उंची जेमतेम शंभर मीटरपर्यंत. सिंहगड चढलेल्या माणसाला हसू येईल, पण जरा थांबा. 'एन-70' नावाची पायवाट आहे, साधारण 14 किलोमीटरची. 1970 हे युरोपात निसर्गसंवर्धन वर्ष म्हणून पाळलं गेलं, त्याचं हे नाव. ही वाट इतक्या वेळा खाली उतरवते आणि पुन्हा वर चढवते, की शेवटी पोटऱ्या बोलायला लागतात. बीचची उंच झाडं, खाली ओहोळ, आणि ऑक्टोबरात पायाखाली गोड चेस्टनटचा सडा.

याच रांगेत डाउव्हल्सबेर्ख, म्हणजे सैतानाचा डोंगर. उंची 76 मीटर, पण हिस्टरी सॉलिड. दुसऱ्या महायुद्धानंतर 1949 मध्ये नेदरलँड्सने जर्मनीचे काही छोटे तुकडे ताब्यात घेतले. 1963 मध्ये त्यातले जवळजवळ सगळे परतही केले. हा डोंगर मात्र ठेवून घेतला! डोंगरांची एवढी टंचाई असलेला देश एक टेकडी परत द्यायला का कचरला असेल, हे तिथे उभं राहिल्यावर थोडं थोडं कळतं.

पलीकडे ख्रूसबेकच्या दिशेने सात टेकड्यांचा रस्ता लागतो. तिथे कॅनडाच्या सैनिकांची दफनभूमी आहे. अडीच हजारांहून जास्त कबरी, एका ओळीत, एका उंचीच्या. दहा मिनिटं तिथे थांबा. दर जुलैमध्ये होणाऱ्या 'चार दिवसांच्या चाली'तले लोकही याच रस्त्याने जातात. 1909 पासूनची ही परंपरा, रोज 30, 40 किंवा 50 किलोमीटर चालायचं, तेही सलग चार दिवस. चाळीस हजारांच्या वर माणसं हौसेने पाय सुजवून घेतात. त्या आठवड्यात गावात हॉटेल शोधायच्या भानगडीत पडू नका.

हे झालं दाल. खरी गोष्ट वालची आहे.

शहराच्या मधोमध फालकहॉफ नावाचं उंचवट्यावरचं पार्क आहे. तिथे उभं राहिलं की खाली वाल दिसते, आणि तिच्यावरून एकामागोमाग एक जाणारी लांबलचक मालवाहू जहाजं. ऱ्हाइन नदी जर्मनीतून नेदरलँड्समध्ये शिरली की थोड्याच अंतरावर फुटते आणि तिचं दोन तृतीयांश पाणी वालमध्ये येतं. म्हणजे आल्प्सचा बर्फ आणि अर्ध्या जर्मनीचा पाऊस या गावाच्या दारातून जातो. आणि नेमकं इथेच नदीला तीव्र वळण आहे. एका बाजूला टेकडीवरचं शहर, दुसऱ्या बाजूला लेंट गावाचा बांध. मध्ये बाटलीच्या गळ्यासारखी अरुंद जागा.

1993 च्या डिसेंबरात पाणी चढलं. मग 1995 च्या जानेवारीअखेर पुन्हा, आणि या वेळी सरकारची झोप उडाली. नद्यांच्या काठावरच्या सुमारे अडीच लाख लोकांना घरं सोडायला सांगितलं गेलं. सोबत गाई, डुकरं, कोंबड्या, सगळा बारदाना. बांध टिकले. पण भिजून मऊ झालेला मातीचा बांध किती तास टिकेल याची खात्री कोणी द्यायला तयार नव्हतं.

डच माणसाचं शेकडो वर्षांचं उत्तर ठरलेलं होतं, बांध आणखी उंच करा. या वेळी इंजिनीअरांनी उलटा विचार मांडला. बांध जितका उंच, तितकं फुटल्यावरचं संकट मोठं. त्यापेक्षा नदीला जागा द्या. या कार्यक्रमाचं नावच 'नदीसाठी जागा'. देशभरात तीसहून जास्त ठिकाणी कामं निघाली. लक्ष्य हे, की ऱ्हाइनमधून सेकंदाला 16 हजार घनमीटर पाणी आलं तरी देश कोरडा राहावा. 1995 मध्ये ते साधारण 12 हजार होतं.

लेंटला याचा अर्थ काय? बांध 350 मीटर मागे घ्यायचा आणि मोकळ्या झालेल्या जागेत नदीसाठी दुसरा प्रवाह खणायचा. कागदावर भन्नाट आयडिया. पण त्या 350 मीटरमध्ये माणसं राहत होती ना! सुमारे 50 घरं जायची होती. लोक चिडले, भांडले, स्वतःचे पर्यायी आराखडे घेऊन आले. वर्षानुवर्षं मीटिंगा झाल्या. शेवटी घरं गेलीच. 2013 मध्ये खोदकाम सुरू झालं आणि 2016 पर्यंत नवा प्रवाह तयार झाला. त्याचं नाव स्पीखलवाल, आरशातली वाल. पुराच्या वेळी पाण्याची पातळी यामुळे सुमारे 35 सेंटीमीटरने उतरते. फूटभरापेक्षा थोडं जास्त. पण पाणी बांधाच्या कडेशी आलेलं असताना फूटभर म्हणजे काय, ते पूर पाहिलेल्या माणसाला विचारा.

आता तिथे संध्याकाळी जा. दोन प्रवाहांच्या मध्ये एक लांबट बेट तयार झालंय. वाळूवर पोरं-पोरी पसरलेली, कोणी कयाक चालवतंय, कोणी ऑफिसच्या कपड्यातच पाय बुडवून बसलंय. पोहायचं तर या नव्या प्रवाहात. मुख्य वालमध्ये अजिबात नाही! जहाज गेलं की पाणी आधी ओढलं जातं आणि मग परत येतं. चांगले पट्टीचे पोहणारेही त्यात सापडतात. वाळूचा किनारा कितीही गोव्यासारखा दिसला तरी मोह आवरा.

मला या जागेबद्दल एक खटकतं. बेटावर मौज करणाऱ्या शंभरातल्या नव्वद जणांना आपण कोणाच्या परसात टॉवेल अंथरलाय याची कल्पना नसावी. पण तिथेच बसून समोरचं शहर पाहताना हेही वाटतं, की तिथल्या भांडणात निदान प्रश्न उघडपणे विचारला गेला, जागा कोणाची आणि सोडायची कोणी? शेजारच्या ओय-पोल्डरमध्येही तो विचारला गेला. महापूर आलाच तर हा अख्खा सखल भाग मुद्दाम पाण्याखाली घालायचा, अशी शिफारस 2002 मध्ये एका सरकारी समितीने केली होती. गावकरी पेटून उठले आणि पुढे तो बेत गुंडाळला गेला. लेंट हरलं, ओय वाचलं. कारणं वेगळी होती, पण दोन्ही गावांच्या मध्ये अंतर किती? सायकलवर अर्धा तास.

सायकलवर तो अर्धा तास मात्र घालवाच. शहरातून बाहेर पडलं की दहा मिनिटांत बांधावरचा रस्ता लागतो. एका हाताला शेतं, दुसऱ्या हाताला नदीचं मोकळं मैदान. हिवाळ्यात रशियाच्या उत्तरेकडून आलेली हजारो रानबदकं इथे चरत असतात. त्यांचा कलकलाट लांबून ऐकला तर शाळा सुटलीय असं वाटतं. दहा-बारा किलोमीटरवर मिलिंगरवार्ड. इथे 'पायवाट सोडू नका' ही पाटी नाही. कुठूनही, कसंही भटका. हॉलंडसारख्या प्रत्येक इंच आखलेल्या देशात ही केवढी चैन!

आणि हे जंगल दिसतं तितकं जुनं नाही बरं का. पूर्वी इथे शेतं आणि कुरणं होती. 1986 मध्ये 'करकोचा' नावाच्या एका आराखड्याने सुचवलं, की नदीचं मैदान नदीलाच देऊन टाका, शेती बांधाच्या आत करा. मग वीटभट्टीवाल्यांनी इथली माती खणून नेली. त्यांना माती मिळाली, नदीला जागा मिळाली. गवत आटोक्यात ठेवायला पोलंडकडचे कोनिक घोडे आणि स्कॉटलंडच्या गॅलोवे गाई सोडल्या. 1994 मध्ये बीव्हर आणले. आज नदीकाठी टोकदार पेन्सिलीसारखी कुरतडलेली झाडं दिसली तर समजायचं, साहेब जवळपास आहेत. घोड्यांपासून किमान 25 मीटर लांब राहा. गोजिरवाणे दिसतात, लाथ गोजिरवाणी नसते. त्यांना सॅण्डविच देऊ नका, आणि पिल्लू आणि आईच्या मध्ये तर चुकूनही जाऊ नका.

थोडं कामाचं. सायकल स्टेशनवर भाड्याने मिळते. नकाशा नसला तरी अडत नाही. प्रत्येक नाक्यावर आकडा लिहिलेला असतो, आपण फक्त आकड्यांची यादी करून निघायचं. वारा समोरून असेल तर जायला जेवढा वेळ धराल त्याच्या दीडपट धरा. उंच गवतातून चाललात तर घरी आल्यावर गुडघ्यामागे, कमरेशी गोचीड चिकटलीय का ते नक्की बघा. त्यातून लाइम नावाचा आजार होतो, टंगळमंगळ नको. जेवायला पॅनकेक. आपल्या घावनाचा जाडजूड डच भाऊ, वर बेकन किंवा सफरचंद. व्हेज मंडळींनी सफरचंदवाला मागवावा.

आणि शक्य असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत, पाणी चढलेलं असताना जा. लेंटच्या बेटावर जायला झालिगे नावाचा एक पादचारी पूल आहे. तो मुद्दामच बुटका बांधलाय. पाणी वाढलं की त्याच्याकडे जाणारी वाट बुडते आणि वर फक्त सिमेंटचे चौकोनी दगड उरतात. मग अख्खं गाव पोराबाळांना घेऊन नदी किती चढलीय ते बघायला येतं आणि एकेक दगडावर पाय टाकत पुलाकडे निघतं. पाणी आणखी वाढलं की दगडही दिसेनासे होतात आणि सगळे काठावर उभे राहून बघत बसतात. गमबूट न्या.