कांटा खोटा कीं इंजिन तापलें?

विहिरीवरील जुन्या, संथ गतीच्या ऑईल इंजिनांत थंडाव्यासाठीं पुष्कळदां विहिरीचेंच पाणी खेळवीत असत. बाहेर पडणाऱ्या पाण्याखालीं हात धरला म्हणजे इंजिन किती तापलें याचा अंदाज येई. पुण्याजवळ खडकी येथें १९४६ सालीं किर्लोस्करांचा ऑईल इंजिनांचा कारखाना निघाला, त्या काळची ही परीक्षा होय. आजच्या ट्रॅक्टरांत व पिकअप गाड्यांत त्या हाताची जागा बोटाच्या पेराएवढ्या सेन्सरनें घेतली आहे. तो सांगेल तसा समोरचा कांटा हलतो.

समजा, गुलटेकडीच्या मार्केट यार्डांत भाजी उतरवून, खताच्या गोण्या भरून पिकअप सासवडकडे निघाली आणि दिवे घाटांत कांटा लाल खुणेस लागला. येथें दोहोंपैकीं एक चूक होते. कोणी "सेन्सरच बिघडला असेल" म्हणून तसाच घाट चढतो व हेड गॅस्केट जाळून घेतो. कोणी गॅरेजच्या एका शब्दावर रेडिएटर व पाण्याचा पंप बदलतो, आणि दोष अखेर सेन्सरांतच सांपडतो. दोन्ही चुकांचें मूळ एकच: परीक्षेवांचून निर्णय. आमचें स्पष्ट मत असें कीं, कांटा खोटा ठरेपर्यंत तो खराच मानावा, आणि खोटा ठरवावयाचा तर मोजमापानेंच ठरवावा.

म्हणून प्रथम गाडी थांबवावी. इंजिन निवेपर्यंत रेडिएटरचें झांकण उघडूं नये. आंतील पाणी दाबाखालीं असतें व अंगावर उसळतें. मग पाण्याची पातळी, पंख्याचा पट्टा व जाळींत अडकलेला भुसा पाहावा. पाणी उतरून सेन्सर उघडा पडला तर इंजिन जळत असतांही कांटा थंडच दाखवूं शकतो, हें विशेष ध्यानांत ठेवावें.

हें सर्व ठीक असेल तर सेन्सरकडे वळावें. स्कॅनर लागणारी गाडी असल्यास रात्रभर उभ्या असलेल्या इंजिनाचें तपमान पहांटे वाचावें. तें हवेच्या तपमानाच्या जवळपास असलें पाहिजे. उणे ४० अंशांसारखा आंकडा आला तर बहुधा तार तुटली आहे किंवा जोडणी सुटली आहे. त्यानंतर थंड इंजिनांतून सेन्सर काढून त्याचें टोंक पातेल्यांतील पाण्यांत बुडवावें, शेजारीं तापमापक ठेवावा व दोन टोंकांस मल्टिमीटर लावून पाणी हळूहळू तापवावें. नेहमींच्या प्रकारांत पाणी तापेल तसा विद्युत्-रोध घटतो: २० अंशांस सुमारें दोन-अडीच हजार ओहम, तर ८० अंशांस तीनशेंच्या आसपास. उतार एकसारखा असावा. आंकडा मध्येंच उडी घेईल तर सेन्सर बाद समजावा. अंतिम निर्णय मात्र निर्मात्याच्या कोष्टकावरून करावा. उकळतें पाणी म्हणजे शंभर अंश असेंही धरूं नये. समुद्रसपाटीपासून सुमारें ५६० मीटर उंचीवरील पुण्यांत पाणी ९८ अंशांच्या सुमारासच उकळतें.

"हंगामांत इतका वेळ कोणास?" असें कोणी विचारील. या परीक्षेस अर्धा-पाऊण तास लागतो. जळालेलें इंजिन उघडलें तर ऐन पेरणीचे दिवस जातात. गांवोगांवच्या सोसायट्यांनीं एक तापमापक व एक मल्टिमीटर सामाईक ठेवावा, आणि गांवांतील एका होतकरू तरुणास त्याचा उपयोग शिकवावा, अशी आमची सूचना आहे. बीं उगवतें कीं नाहीं हें मूठभर दाणे ओल्या फडक्यांत बांधून पाहणारा शेतकरी परीक्षेस अपरिचित नाहीं. तीच संवय त्यानें आपल्या इंजिनासही लावावी, आणि सुटा भाग बदलण्यापूर्वीं गॅरेजवाल्यास "मोजून दाखवा" असें निःसंकोच म्हणावें.