दोन हाका

इंग्रजी भाषेत ‘व्होकेशन’ आणि ‘अ‍ॅव्होकेशन’ असे दोन शब्द आहेत. दोहोंचे मूळ ‘हाक मारणे’ या अर्थाच्या एकाच लॅटिन धातूत आहे. पहिला शब्द जीवितकार्याचा वाचक होय. दुसरा, त्या कार्यापासून दूर बोलावणाऱ्या छंदाचा. म्हणून छंद हा कर्तव्याचा वैरी, असे पुष्कळांस वाटते. हा समज खरा नव्हे.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९३० ते १९६२ पर्यंत देवळाली येथे शाळाशिक्षक होते. अध्यापन हा त्यांचा व्यवसाय, तर संख्यांशी खेळणे हा छंद. त्यांना ६१७४ या संख्येचे नवल गवसले. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तेच अंक मांडून होणाऱ्या मोठ्यात मोठ्या संख्येतून लहानात लहान संख्या वजा करावी. उत्तर तीन अंकी आल्यास आरंभी शून्य लिहावे. असे पुन्हापुन्हा केल्यास, फार तर सात वेळांत, ६१७४ हीच संख्या येते. जगाने कापरेकरांना ओळखले ते या छंदामुळे. तथापि छंदापायी त्यांनी शाळा सोडली नाही.

व्यवसायाने पोट भरते, छंदाने मन. पुसेगावच्या मुलामुलींनी उद्या शेत कसले किंवा दुकान चालविले, तरी दुसऱ्या हाकेला ओ देण्यास त्यांना कोणाची आडकाठी आहे? कापरेकरांना तरी कागद आणि पेन्सिल यांहून अधिक काय लागले!