वजनाचा काटा, घड्याळाचा काटा

वजन कमी करण्याचा संकल्प आपल्याकडे बहुधा सोमवारी सोडला जातो आणि गुरुवारपर्यंत तो दुसऱ्या अर्थाने सुटलेला असतो. मधल्या तीन दिवसांत काय घडले याची चौकशी कोणी करीत नाही. निकाल मात्र ताबडतोब लागतो : 'तोंडावर ताबा नाही!' घरचे हसतात, शेजारीण नवा काढा सुचवते, आणि जिचे वजन वाढले आहे ती बाई निमूटपणे स्वतःला आळशी ठरवून मोकळी होते. बाईच्या जागी पुरुष असला तरी निकाल तोच, फक्त हसणे थोडे कमी. हा निकाल अर्धवट पुराव्यावर दिलेला असतो असे माझे मत आहे. त्यात झोपेची आणि मनावरच्या ओझ्याची साक्ष काढलेलीच नसते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. ताण हवेतून चरबी निर्माण करीत नाही. खाल्ले किती आणि खर्चले किती, हा हिशेब कोणालाच चुकलेला नाही. 'मी काहीच खात नाही, नुसत्या टेन्शनने वजन वाढते' हे म्हणणे शास्त्राला धरून नाही. परंतु भूक किती लागावी, कशाची लागावी, अंग किती हलवावेसे वाटावे, झोप किती यावी, या सगळ्यांत ताणाचा हात असतो. हिशेबाच्या जमा आणि खर्च अशा दोन्ही बाजूंना तो आतून धक्का देतो.

'स्ट्रेस' हा शब्द आज शाळकरी मुलांच्याही तोंडी आहे. शरीरशास्त्रात तो रुजवला हान्स सेल्ये या संशोधकाने. १९३६ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात त्याचे एक छोटेसे टिपण प्रसिद्ध झाले. थंडी असो, जखम असो वा विष, संकट कोणतेही असले तरी उंदरांचे शरीर त्याला बऱ्याच अंशी एकाच ठरावीक पद्धतीने उत्तर देते, असे त्याला आढळले होते. या उत्तरात मोठा वाटा असतो तो मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन छोट्या ग्रंथींचा. त्यांतून कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक स्रवते. एरवी ते पहाटे-सकाळी सर्वांत जास्त आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते. संकट आले की ते वाढते आणि रक्तात साखर उपलब्ध करून देते. बिबट्या समोर आला तर पळायला ही साखर कामी येते. साहेबाचा मेमो, हप्त्याची तारीख, मुलाची दहावी यांच्यापुढे पळून जाता येत नाही. माणूस खुर्चीवरच बसून राहतो आणि थोड्या वेळाने त्याला काहीतरी गोड किंवा तळलेले खावेसे वाटते.

कॉर्टिसॉल फार वाढले तर काय होते, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. अमेरिकन शल्यविशारद हार्वी कुशिंग यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकारात चेहरा गोल होतो, हातपाय बारीक राहतात आणि पोट सुटते. दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागणाऱ्या रुग्णांची भूक आणि वजन वाढताना अनेक घरांनी पाहिले आहे. रोजच्या काळजीने कॉर्टिसॉल एवढे चढत नाही, हे खरे. शिवाय सर्वांची प्रकृती सारखी नसते. काळजीने काहींची भूक मरते आणि ते वाळतात. पण ज्यांचा हात डब्याकडे जातो, त्यांचा तो नुसत्या हावरेपणाने जात नाही.

झोपेची गोष्ट तर याहून बोलकी आहे. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ मध्ये एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. बारा निरोगी तरुणांना दोन रात्री चार-चार तासच झोपू दिले; दुसऱ्या वेळी दोन रात्री दहा-दहा तास दिले. कमी झोपेनंतर पोट भरल्याची वर्दी देणारे लेप्टिन १८ टक्क्यांनी कमी झाले, भूक चेतवणारे घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले, आणि तरुणांनी स्वतः सांगितलेली भूक २४ टक्क्यांनी जास्त होती. गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची ओढ विशेष वाढली होती. म्हणजे जागरणानंतरच्या दुपारी चहाबरोबर बिस्किटांचा पुडा संपतो, तो मनाच्या दुबळेपणामुळेच असे म्हणता येणार नाही.

त्याच विद्यापीठात पुढे झालेला, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला दुसरा प्रयोग वजन कमी करू पाहणाऱ्यांनी भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. जास्त वजनाच्या दहा व्यक्तींना मोजून-मापून कमी उष्मांकांचा आहार दिला. चौदा दिवस साडेआठ तास अंथरुणात, आणि वेगळ्या वेळी चौदा दिवस साडेपाच तास. वजन दोन्ही वेळा सुमारे तीन किलोच उतरले. पण पुरेशी झोप असताना उतरलेल्या वजनात निम्म्याहून जास्त चरबी होती. झोप कापली तेव्हा चरबी जेमतेम एक चतुर्थांश, बाकी स्नायू वगैरे. दोन्ही प्रयोग लहान आहेत, हे लक्षात ठेवावे. पण त्यांची दिशा स्पष्ट आहे.

वजनाचा काटा किती अपुरी साक्ष देतो, याचे एक उदाहरण आपल्या पुण्याचेच आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचे छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने वजन मोजणारा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. आपण भारतीय दिसायला बारीक असूनही आतून चरबी बाळगतो, आणि ती पोटाभोवती साठली की मधुमेहाचा धोका वाढतो. तेव्हा नुसते किलो मोजत बसणे आपल्याला परवडणारे नाही.

आणि दीर्घकाळच्या ताणाचा संबंध नेमका या पोटाशी लागतो. ब्रिटनमधल्या दहा हजारांहून अधिक सरकारी कर्मचाऱ्यांची सरासरी चौदा वर्षे पाहणी करून २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, ज्यांना कामाचा ताण सतत राहिला त्यांच्यात पोटाचा घेर, रक्तदाब, साखर आणि रक्तातले मेद एकत्र बिघडण्याची शक्यता ताण नसलेल्यांच्या दुपटीहून जास्त होती.

आता आपल्या घरात येऊ. माझ्या ओळखीच्या एक बाई बदलापूरहून मुंबईला नोकरीला जातात. पहाटे साडेचारला उठतात, पाणी भरतात, चौघांचे डबे करतात. जाण्यायेण्यात चार तास जातात. वजन वाढले म्हणून त्यांनी आहाराचा सल्ला घेतला. हाती छापील तक्ता आला : सकाळी मोड आलेली कडधान्ये, अकराला फळ, चारला ताक, सातच्या आत जेवण, पंचेचाळीस मिनिटे भरभर चालणे. संध्याकाळी सात वाजता या बाई लोकलमध्ये उभ्या असतात. तक्ता पाळायचा तर स्वतःसाठी वेगळे रांधायचे आणि चालायला वेळ काढायचा. म्हणून त्या चारला उठू लागल्या. वजन उतरवण्यासाठी त्यांनी झोप विकली, आणि झोप गेल्यावर काय होते ते वर आलेच आहे. दोन महिन्यांनी तक्ता फ्रिजच्या दारावरून उतरला. घरात निकाल लागला : 'हिला काही जमायचे नाही.' तक्ता देणाऱ्याने त्यांना किती तास झोपता, स्वयंपाक कोण करते, हे दोन साधे प्रश्न विचारलेच नव्हते.

ही एकट्या बदलापूरची कथा नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत, बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो असे आढळले. पुरुषांचा ८८ मिनिटे. फरक तीन तास एकवीस मिनिटांचा. चालणे, विश्रांती, निवांत जेवण आणि झोप या सगळ्यांना लागणारा वेळ यातच कुठेतरी अडकलेला आहे.

यावर एक हुकमी आक्षेप येतो : 'आमच्या आजीला काय कमी ताप होता? ती कुठे जाड झाली?' आजीला ताप होताच, आणि तो सुखाचा मुळीच नव्हता. पण तिच्या हाताखाली जाते होते, पाणी विहिरीवरून आणायचे होते, आणि बहुतेक घरांत चारदा खाण्याइतके शिल्लकच नसे. दिवे मालवले की रात्र संपत असे. आज ताप तोच राहिला, अंगमेहनत गेली, हाताशी स्वस्त वडापाव आणि फरसाण आले, आणि रात्री अकराला मोबाइलवर उद्याच्या कामाचे निरोप येऊ लागले. पाळीत काम करणारे कामगार, पोलीस, रात्रीचे चालक यांची स्थितीही वेगळी नाही.

मग करायचे काय? 'ताण घेऊ नका' हा सल्ला देणे म्हणजे पावसात उभ्या असलेल्याला 'भिजू नका' म्हणण्यासारखे आहे. प्राणायाम, ध्यान उत्तमच. पण त्यासाठीही अर्धा तास लागतो, आणि तो कोणाच्या वाट्यातून काढायचा, हाच मूळ प्रश्न आहे. माझे म्हणणे एवढेच की, वजन एका माणसाचे असले तरी त्याचे पथ्य सगळ्या घराने पाळावे. घरात एकासाठी वेगळी भाजी शिजू नये. सगळ्यांनी तीच खावी. सकाळच्या डब्यांपैकी दोन डबे दुसऱ्या कोणी भरावेत. रात्रीची भांडी जेवणाऱ्यांनी वाटून घ्यावीत. यातून वाचलेला तास औषधाच्या डोसासारखा झोपेच्या किंवा चालण्याच्या नावे लिहून ठेवावा. आणि लग्नकार्यात भेटल्याबरोबर 'अगं, किती सुटलीस!' म्हणण्याची आपली प्रेमळ पद्धत आता बंद करावी. अपमान हाही ताणच आहे.

एवढे करून वजन भराभर उतरेल, असे आश्वासन मी देत नाही. ते हळूहळूच उतरते. पण गुरुवारी सुटणारा संकल्प पुढच्या गुरुवारपर्यंत टिकण्याची शक्यता यातून नक्की वाढेल. आज रविवार आहे. घरात कोणी निवांत पेपर वाचत असेल, कोणी दुपारच्या जेवणाच्या तयारीत असेल. सुरुवात करायची तर संकल्पाच्या सोमवारची वाट पाहण्याचे कारण नाही. वाचणाऱ्याने पेपर खाली ठेवून कुकर लावायला जावे.