विंडोज नवीन, प्रिंटर जुना आणि मधे अडकलेला धंदा

गेल्या काही महिन्यांत मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न भांडवलाचा नाही की जीएसटीचा नाही. "सर, विंडोज ११ टाकू का?" हा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला, तेव्हापासून तर रोज कुणीतरी विचारतंच. मी उलटा प्रश्न टाकतो, "तुमच्या दुकानातलं सगळ्यात जुनं मशीन कोणतं?" लोकांना वाटतं सर विषय बदलतायत. नाही मित्रांनो, विषय तोच आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. छोट्या दुकानदाराने नवीन विंडोजच्या रांगेत पहिलं उभं राहू नये. थांबावं. पण थांबणं म्हणजे देवावर हवाला ठेवून बसणं नाही. उधारी देताना आपण "कधी देणार?" विचारतो ना, तसं ड्रायव्हरची वाट बघतानाही तारीख पाहिजे. तारीख मिळत नसेल तर ती उधारी बुडीत धरायची आणि दुसरा मार्ग शोधायचा.

ज्यांना ड्रायव्हर म्हणजे नक्की काय हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ड्रायव्हर म्हणजे दुभाष्या. विंडोजची भाषा वेगळी, तुमच्या प्रिंटरची वेगळी. मधला दुभाष्या बहुतेक वेळा प्रिंटर बनवणारी कंपनी देते, मायक्रोसॉफ्ट नाही. विंडोज आतून बदलली की दुभाष्याला नव्याने शिकावं लागतं. आता प्रश्न असा, की त्याला शिकवण्याचा खर्च कोण करणार?

इथे जरा धंद्याच्या डोक्याने विचार करा. कंपनीने तुम्हाला प्रिंटर सात वर्षांपूर्वी विकला, पैसे घेतले, व्यवहार संपला. आज त्याच मॉडेलसाठी इंजिनिअर बसवायचा, ड्रायव्हर लिहायचा, तपासायचा, मायक्रोसॉफ्टकडून त्यावर डिजिटल सही घ्यायची. हा सगळा खर्च, आणि त्यातून नवीन विक्री शून्य. उलट ड्रायव्हर नाही दिला तर तुम्ही नवीन प्रिंटर घ्यायची शक्यता. त्या खुर्चीत तुम्ही असता तर काय केलं असतं? मी कंपन्यांना शिव्या घालत नाहीये. पण "कंपनी आपल्यासाठी काहीतरी करेलच" हा भाबडेपणा धंद्यात परवडत नाही. ज्या मॉडेलचं टोनर किंवा शाई कंपनी आजही स्वतः विकते, त्याच्याबद्दल मी आशा ठेवतो. जिचे सुटे भागही मिळेनासे झालेत, त्या मशीनची मी वाट बघत नाही.

हे आजचं नाही. विंडोज व्हिस्टा आठवतेय का? ३० जानेवारी २००७ ला ती बाजारात आली, एक्सपीनंतर पाच वर्षांहून जास्त काळाने. आतली रचना बरीच बदलली होती, ग्राफिक्स आणि आवाजाची तर पार. घरोघरी प्रिंटर, स्कॅनर, ग्राफिक कार्ड रुसून बसली. नंतर अमेरिकेत एक खटला झाला आणि २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टचे अंतर्गत ईमेल जगासमोर आले. त्यात जॉन शर्ली यांची तक्रार होती. हे गृहस्थ मायक्रोसॉफ्टचे माजी अध्यक्ष आणि तेव्हा संचालक मंडळावर. त्यांनी एक कॉम्प्युटर व्हिस्टावर नेला, पण दुसरा एक्सपीवरच ठेवला, कारण त्यांच्या प्रिंटर आणि स्कॅनरचे ड्रायव्हर आलेले नव्हते! आता बोला. कंपनीच्या संचालकाला थांबावं लागलं, तिथे आपल्या झेरॉक्सच्या दुकानाचं काय घेऊन बसलात.

त्यावर स्टीव्हन सिनोफ्स्की या तिथल्याच मोठ्या अधिकाऱ्याने दिलेलं कारण मला फार आवडतं. व्हिस्टाची तारीख इतक्या वेळा पुढे ढकलली गेली होती, की हार्डवेअरवाल्यांचा ती येईल यावर विश्वासच उरला नव्हता. म्हणून त्यांनी काम सुरूच २००६ च्या अगदी शेवटी केलं. म्हणजे ड्रायव्हर अडला तो तंत्रज्ञानामुळे कमी आणि शब्दाची किंमत गेल्यामुळे जास्त. सप्लायरने चार वेळा "उद्या माल देतो" म्हटल्यावर पाचव्या वेळी तुम्ही शेल्फ रिकामं करून ठेवता का? तसंच झालं.

आता विंडोज ११ कडे येऊ. इथे उगाच घाबरवणारे व्हिडिओही खूप आहेत, म्हणून स्पष्ट सांगतो. विंडोज १० च्या ६४ बिट आवृत्तीवर चालणारे ड्रायव्हर बहुतेक वेळा ११ वरही चालतात. गाडी अडते ती ठरावीक ठिकाणी, आणि नेमकी ती ठिकाणं छोट्या दुकानातच सापडतात.

पहिलं ठिकाण ३२ बिटचं. विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच नाही. ज्या जुन्या मशीनचा ड्रायव्हर फक्त ३२ बिटमध्ये होता, तिच्यासाठी दार कायमचं बंद. इथे वाट बघणं म्हणजे गेलेल्या एसटीसाठी स्टँडवर बसणं.

दुसरं ठिकाण केबल. हो, साधी केबल. वजनकाटा, जुना बारकोड स्कॅनर किंवा पोल डिस्प्ले कॉम्प्युटरला जोडायला आपण यूएसबी ते सिरियल केबल घेतो. तिच्या आत एक चिप असते. प्रॉलिफिक कंपनीची पीएल२३०३ ही चिप यात फार चालते, आणि तिच्या नकलाही बाजारात भरपूर फिरल्या. कंपनीने जुन्या आवृत्त्या नव्या ड्रायव्हरमधून वगळल्या. म्हणून विंडोज ११ वर कधीकधी डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या केबलच्या नावापुढे "ही चिप २०१२ पासून बंद आहे, विक्रेत्याशी संपर्क करा" अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर दिसतो. काटा ठणठणीत असतो, कॉम्प्युटर ठणठणीत असतो आणि दुकानदार काट्याच्या मेकॅनिकला बोलावून पैसे देतो. नवीन चिपची चांगली केबल काही शे रुपयांत येते. आधी ती बदलून बघा.

तिसरं ठिकाण नवीन लॅपटॉपचं, आणि याबद्दल शोरूममध्ये कुणी आपणहून बोलत नाही. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉप आलेत. बॅटरी छान, वजन हलकं. पण त्यांची जात आर्म आहे, इंटेल-एएमडीची नाही. इंटेलसाठी लिहिलेली बरीच सॉफ्टवेअर त्यावर भाषांतर होऊन चालतात, ड्रायव्हर मात्र तसा चालत नाही. तो आर्मसाठीच लिहिलेला लागतो. तुमच्या लेबल प्रिंटरला, अंगठ्याच्या मशीनला, डिजिटल सहीच्या टोकनला आर्मचा ड्रायव्हर आहे का हे बघितल्याशिवाय दुकानासाठी असा लॅपटॉप घेऊ नका. कॉलेजच्या पोरांसाठी घ्या, खुशाल.

आमच्या बॅचमधल्या एका ताईंची गोष्ट सांगतो, म्हणजे किंमत कळेल. लोणची आणि चटण्या करतात. काम वाढलं म्हणून नवीन लॅपटॉप घेतला आणि पैसे वाचवायला लेबल प्रिंटर सेकंडहँड. दसऱ्याच्या तोंडावर पुण्याच्या एका दुकानाची चारशे बरण्यांची ऑर्डर. बरणीवर बॅच नंबर, तारीख, वजन, सगळं छापलेलं पाहिजे, त्याशिवाय माल विकताच येत नाही. त्या म्हणाल्या, "सर, लॅपटॉप एकदम फास्ट आहे हो, पण त्याला प्रिंटर दिसतच नाही." कंपनीच्या कस्टमर केअरला फोन केला की उत्तर ठरलेलं, "मॅडम, ड्रायव्हर लवकरच येईल." ताई सोळा दिवस त्या "लवकरच"वर बसल्या. शेवटी लेबलं बाहेरून छापून घेतली, अर्ध्या बरण्या वेळेत गेल्या, अर्ध्या घरात राहिल्या. ड्रायव्हर आजपर्यंत आलेला नाही. त्या प्रिंटरचा होता तो ड्रायव्हर ३२ बिटचाच होता. हे पहिल्या दिवशी कुणीतरी कंपनीच्या वेबसाइटवर दहा मिनिटं बसून बघितलं असतं तर कळलं असतं.

पुढे आम्ही काय केलं? त्यांच्या भाच्याचा विंडोज ७ चा डबा अडगळीत पडला होता. तो काढला, इंटरनेट तोडलं, प्रिंटर त्याला जोडला. लेबलची फाइल लॅपटॉपवर बनते आणि वेगळ्या ठेवलेल्या पेन ड्राइव्हने तिकडे जाते. दिसायला गबाळं आहे, पण रोज लेबलं निघतात. जुन्या मशीनसाठी जुना कॉम्प्युटर ठेवण्यात कमीपणा काहीच नाही, फक्त त्यावर बँक, ईमेल, यूपीआय असलं काही करायचं नाही.

म्हणून सेकंडहँड मशीन बघायला गेलात की किंमत विचारायच्या आधी मॉडेल नंबरचा फोटो काढा. तिथेच उभं राहून कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेलचं डाउनलोडचं पान उघडा. विंडोज ११ किंवा निदान विंडोज १० ६४ बिट लिहिलेलं दिसलं तर पुढे बोला. नाही दिसलं तर तो आठ हजारांचा प्रिंटर तुम्हाला आठ हजारांना पडणार नाही. थर्मल बिल प्रिंटरचं जरा सोपं असतं, कारण त्यातले बरेचसे ईएससी-पॉस नावाची सामाईक भाषा समजतात आणि विंडोजमधल्या साध्या जेनेरिक ड्रायव्हरवरही कामापुरती बिलं काढतात. स्कॅनरसाठी व्ह्यूस्कॅन नावाचं एक विकतचं सॉफ्टवेअर आहे, कंपनीने सोडून दिलेले कितीतरी जुने स्कॅनर त्याने चालू होतात. मॉडेल त्यांच्या यादीत आहे का बघा आणि मगच पैसे भरा.

दोन गोष्टींवर मात्र मी भांडतो. "फ्री ड्रायव्हर डाउनलोड" म्हणणाऱ्या कुठल्याही साइटवरून काहीही उतरवू नका. ज्या कॉम्प्युटरवर तुमचं बँकेचं लॉगिन आहे, त्यात अनोळखी माणसाला आत घेण्यातला हा प्रकार आहे. सही नसलेला ड्रायव्हर घुसवायला सिक्युरिटी बंद करा म्हणणाऱ्या व्हिडिओंचंही तेच. आणि दुसरं, तुमच्या कॉम्प्युटरला विंडोजचं नवीन अपडेट दिसत नसेल तर रील बघून ते जबरदस्तीने चढवू नका. एखादा ड्रायव्हर जुळत नाही असं कळलं की मायक्रोसॉफ्ट स्वतःच तशा कॉम्प्युटरचं अपडेट अडवून धरते. २०२४ ला २४एच२ आलं तेव्हा काही यूएसबी स्कॅनर जोडलेल्या कॉम्प्युटरचं असंच थांबवलं होतं. ज्यांनी विकलं तेच "थांबा" म्हणतायत, मग आपल्याला कसली घाई?

आता तुम्ही म्हणाल, सर, मग थांबायचं तरी किती? विंडोज १० वाल्यांसाठी याचं उत्तर कॅलेंडरवर आहे. घरगुती वापरकर्त्यांच्या वाढीव सुरक्षा योजनेत नाव नोंदवलं तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा पर्याय असतो, आजच बघून घ्या. पण ती तारीख नीट बघा. ऐन नवरात्रात येते. दसरा २० ऑक्टोबरला, दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. त्या दिवसांत बिलिंगच्या कॉम्प्युटरला हात लावायचा विचारसुद्धा करू नका. सप्टेंबरअखेर पितृपक्ष सुरू होतो, गिऱ्हाईक तसंही कमी असतं. आमच्या दुकानाचा बदल मी तेव्हाच ठेवलाय. त्याआधी पावसाळ्यात एक दिवस काढून प्रत्येक मशीनचा मॉडेल नंबर, तिचा ड्रायव्हर आहे की नाही आणि नसेल तर ती कशावर चालवायची, एवढं एका वहीत लिहून होईल.